तर्री, ठिबक आणि आडवी विहीर : शिरोळच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांब आहे, तिखट आहे आणि निम्मी बरोबर आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पातळ थरातल्या तेलासाठी आडवी विहीर, म्हणजे खाली जाऊन वळणारी आणि थरातून आडवी धावणारी विहीर हवी, हे मी मिसळीच्या तर्रीवरून समजावलं, पण खडक म्हणजे रस्सा नव्हे. एका आडव्या विहिरीच्या पैशात दोन-तीन उभ्या होतात. 'लांबी दुप्पट तर तेल दुप्पट' ही निव्वळ थाप. आणि तुमच्या रानातल्या विहिरीत आडवे बोअर मारूनही पाणी वाढलं नाही.

थाप हा शब्द मान्य. ते वाक्य मूळ लेखातून काढलंय.

तर्रीचं उदाहरण पळी खोल गेली की रस्सा येतो, इथवर चालतं. पुढं लंगडं पडतं, कारण वाटीतली तर्री लगेच पुन्हा पसरते. खडकात उभ्या विहिरीनं ओढ लावली की तेलाच्या थराखालचं पाणी शंकूसारखं वर चढतं, आणि एकदा विहिरीपर्यंत पोचलं की तीच वाट धरून बसतं. विहीर बंद ठेवली तरी शंकू लवकर खाली बसत नाही.

किती ओढ चालते, याचा हिशेब करू. तेलाची घनता 0.85 धरा, पाण्याची 1. थर दहा मीटर जाड असेल तर तेवढ्या उंचीला दाबातला फरक पडतो जेमतेम 0.15 बार. पाण्याला खाली दाबून धरणारा जोर एवढाच! तुमच्या ठिबकलाच 1 बारच्या आसपास दाब लागतो. उभ्या विहिरीची थराशी गाठ पडते फक्त दहा मीटर, त्यातही पाण्यापासून लांब राहायला निम्मा भाग बंद ठेवायचा. मग पुरेसं तेल हवं तर ओढ वाढवणं आलं, आणि पाठोपाठ पाणी आलं. अशा तीन विहिरी घेतल्या तर तीन ठिकाणी पाणी. क्षारपड रानाच्या निचऱ्याला आपण ठिकठिकाणी खड्डे काढतो की सच्छिद्र पाइप आडवे पुरतो? शिरोळकराला हे मी सांगायला नको.

नॉर्वेचं ट्रोल क्षेत्र 1979 मध्ये सापडलं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष गॅसवर होतं. गॅसखाली तेलाचा थर कुठं 22 ते 26 मीटर, कुठं 12 ते 14, आणि वर 300 मीटरहून खोल समुद्र. आडव्या विहिरींच्या जोरावर तिथं 1995 पासून तेल निघायला लागलं.

आता लांबीचं. माझ्या मेहुण्याच्या कागलच्या रानात ठिबकच्या लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्या, जरा जास्तच लांब टाकल्या होत्या. त्यांना पाणी देणाऱ्या सबमेन पाइपाजवळचा ऊस डोक्याच्या वर, शेवटचा कमरेएवढा. विहिरीत हेच उलट्या दिशेनं घडतं. द्रव आत येतो, पण पाइपातल्या घर्षणामुळं वळणाजवळच्या तोंडाला ओढ जास्त आणि शेवटच्या टोकाला कमी. जास्त उत्पादनाच्या किलोमीटरभर लांब विहिरीत हे घर्षण त्या 0.15 बारच्याही पुढं जाऊ शकतं. मग तोंडापाशी पाणी शिरतं आणि टोकाकडचं तेल तसंच राहतं. नुसती लांबी वाढवून काही होत नाही, हे तुमचं म्हणणं इथं शंभर टक्के खरं.

यावरचा उपाय ट्रोलसाठीच नव्वदीच्या सुरुवातीला पुढं आला : इनफ्लो कंट्रोल डिव्हाइस. पाइपाभोवतीच्या जाळीतून आलेला द्रव बारीक वाटेनं पाइपात सोडायचा, म्हणजे हावरट तोंडाला लगाम बसतो आणि टोकालाही वाटा मिळतो. मेहुण्यानं नंतर दाब सांभाळणारे ड्रिपर बसवले, त्याच जातीचं काम. मात्र साधं उपकरण पाणी अडवत नाही, उशिरा येऊ देतं. पातळ द्रव आला की आपोआप आवळणारी नवी उपकरणं आहेत, पण तेलच पाण्याइतकं पातळ असेल तर त्यांना फारसा फरक कळत नाही.

आणि सगळीकडं आडवी विहीर हवीच असं नाही. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायच्या चुनखडकात थरांमधून शेलच्या, म्हणजे द्रव सहसा आरपार जाऊ न देणाऱ्या चिकणमातीच्या खडकाच्या पट्ट्या आहेत. अशा ठिकाणी एकाच थरातून आडवं गेलं तर वरखालचे थर उपाशी राहतात. उभी किंवा तिरकी विहीर ते सगळे भेदते. खर्चाचा मुद्दा तिथं तुमच्या बाजूनं जातो.

राहिले तुमचे आडवे बोअर. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत असतं. बोअर भेगांना छेदून गेले की समांतर, हे मारणाऱ्यानं पाहिलं होतं का? विहिरीचा आतून काढलेला फोटो असेल तर पाठवा.