दीड महिन्यात घोडा उभा? शीर एवढ्यात सांधत नाही

मार्गशीर्षातली नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा जवळ आली की घोडेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. पुढच्या पायाची शीर, म्हणजे गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची कंडरा, दुखावलेला घोडा 21 दिवस खुंट्याला बांधा, सूज उतरली की नळीवर तापल्या लोखंडाने डाग द्या, मग मऊ रानात पळवा. दीड महिन्यात घोडा यात्रेत उभा. अडलंच तर कामाआधी दुखण्याचं एक इंजेक्शन. लोहा-कंधारकडे लोक हे इमानेइतबारे करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सूज उतरली म्हणजे शीर सांधली, हे पहिलं खोटं. नळीच्या मागे जी कंडरा असते तिला रक्तपुरवठाच बेताचा. तुटलेल्या तंतूंच्या जागी शरीर आधी कच्चं जाळं भरतं, त्याचे धागे आडवेतिडवे पडलेले असतात. ते ओढीच्या दिशेने सरळ होऊन ताकद धरायला महिने लागतात. मोठ्या इजेत 9 ते 12, कधी जास्तच. लंगडणं मात्र बरंच आधी थांबतं. सगळा घोळ तिथेच होतो. पोळ्याच्या सुमारास शीर गेलेला घोडा या यात्रेला नाही, पुढच्या यात्रेला तयार होईल असंच धरून चालायचं.

21 दिवस बांधण्यात थोडं तथ्य आहे. सुरुवातीला आराम हवाच, आणि पहिले काही दिवस गार पाण्याची धार 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पाण्याची बोंब असेल तर बर्फ गोणपाटात गुंडाळून धरा. पण नुसता बांधून ठेवलेला घोडा सुटला की उधळतो आणि तीच शीर परत जाते. डॉक्टरांनी हो म्हटलं की मोरखी धरून सरळ चालवायचं, 10 मिनिटांपासून, आणि दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत न्यायचं. या मोजक्या ओढीनेच धागे सरळ होतात. दुलकी साधारण तीन महिन्यांनंतर, तीही सोनोग्राफीत शीर भरलेली दिसली तर. भरधाव त्याच्याही कितीतरी नंतर. रोज सकाळी दोन्ही नळ्यांवरून हात फिरवा. एक गरम लागली तर एक पायरी मागे या. काम बंद आहे तोवर चंदी (दाण्याचा खुराक) कमी करा, कडबा चालू द्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, घोड्याच्या पायाची सोनोग्राफी होते का हे आधी फोन करून विचारा.

डागण्याबद्दल ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, 1983 साली प्रसिद्ध झाला. डागलेल्या पायांना काहीही फायदा दिसला नाही. मग आजोबांच्या काळी डागलेले घोडे बरे कसे व्हायचे? डागल्यावर मालक घोड्याला कित्येक महिने हात लावत नसे. गुण त्या सुटीचा, नाव डागाचं. मेसेजवाल्यांनी डाग ठेवला आणि सुटी काढून टाकली!

मऊ रान तर उलटंच. नांगरलेल्या काळ्या रानात किंवा गोदावरीच्या वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला कंडरेवर जास्त ताण येतो. चालवायला घट्ट, सपाट गाडीवाट बरी.

इंजेक्शनाने शीर बरी होत नाही, फक्त घोड्याला ती कळेनाशी होते. घोडा स्वतःहून पाय राखत होता, तेही बंद. त्यात डायक्लोफिनॅक टोचणारे अजून आहेत. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं मेली.

दीड महिन्याचा घोडा परवडतो तो विकणाऱ्याला. म्हणून माळेगावला घेणाऱ्यांनी पाय उचलून, गुडघ्यात दुमडून, नळीमागची शीर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वरपासून खालपर्यंत चाचपावी. दोन्ही पायांची. कुठे जाड, मऊ गाठ लागली, किंवा दाबल्यावर घोड्याने पाय ओढला, तर भाव कितीही पडलेला असो, पुढच्या दावणीकडे वळा.