मेल आता घरचा

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत खरेदी विभाग आणि स्टोअर यांच्यात फक्त एक प्लायवुडचं पार्टिशन होतं. तरीही २००६ सालापर्यंत खरेदीच्या साहेबांनी स्टोअरला पाठवलेलं ड्रॉइंग आधी अमेरिकेतल्या कुठल्याशा सर्व्हरवर जायचं आणि त्याच ब्रॉडबँडच्या वायरीतून परत यायचं. स्टोअरचे मामा पार्टिशनवरून मान काढून विचारायचे, "निघालं का हो?" एसटीची चौकशी करावी तसं.

मालकांना याचं काही वाटत नव्हतं. पण त्यांच्या साडूंच्या चाकणच्या कारखान्यात स्वतःचा मेल सर्व्हर बसला आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं. "आपला मेल आपल्या घरात पाहिजे."

लिनक्स, पोस्टफिक्स, डोव्हकॉट ही मेल सर्व्हरला लागणारी सॉफ्टवेअर सगळी फुकट मिळतात म्हटल्यावर मालक खूश. यूपीएसचं कोटेशन दाखवल्यावर त्यांचा चेहरा पडला. वीज गेली तर आलेला मेल हरवेल का, असं त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

"मग यूपीएस कशाला?"

प्रामाणिकपणा खर्चाच्या मंजुरीनंतर दाखवावा. शेवटी अकाउंट्सचा जुना यूपीएस मिळाला, जो वीज गेल्यावर फक्त ओरडायचा.

भोसरीत सुट्टी गुरुवारची, म्हणून बुधवारी रात्री बदल करायचा ठरला. डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा हे एमएक्स रेकॉर्ड सांगतं. जगभरचे सर्व्हर ते ठरावीक काळ लक्षात ठेवतात, म्हणून तो काळ मी आधीच पाच मिनिटांवर आणला होता. तरी काही सर्व्हर जुन्याच पत्त्यावर मेल टाकत राहिले.

येणारा मेल निदान कुठेतरी येत तरी होता. जाणारा मेल कुणी घेईना. मेल पाठवण्याचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम १९८२ सालचे. कुणीही कुणाच्याही नावाने मेल पाठवावा, ओळखपत्र मागायची पद्धतच नव्हती. त्या भोळेपणाची भरपाई आता जग नवख्या सर्व्हरकडून करून घेतं. आमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या आमच्या नंबरावरून, उलट शोधलं तर आमचं नाव निघत नव्हतं, एवढ्यावरून सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा सर्व्हर आम्हाला दारात उभं करेना. ही नोंद इंटरनेटवाल्यांनीच करायची असते. त्यांच्या हेल्पलाइनवर पाच मिनिटं समजावून सांगितल्यावर तिकडून उत्तर आलं, "सर, मॉडेम बंद करून चालू केलात का?"

त्यात आमचा आयपी पत्ता स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत निघाला. आधीच्या भाडेकरूचे प्रताप! नाव काढण्याच्या अर्जात 'दोष दूर केला आहे' अशी कबुली द्यायची होती. आमचा तोवर एक मेलसुद्धा धड बाहेर पडला नव्हता.

घरात वेगळीच लढाई. अकाउंट्सच्या मॅडमच्या जुन्या आउटलुकची फाइल २ जीबीची मर्यादा गाठत आली होती. मी डिलीटेड आयटम्स रिकामं करायला गेलो तशा त्या किंचाळल्या, "अहो, त्यात सगळं महत्त्वाचं ठेवलंय!" मी ते सगळं जसंच्या तसं नव्या सर्व्हरवर नेलं. डिलीटेड आयटम्समध्येच.

हळूहळू मेल जाऊ-येऊ लागले. खरी पंचाईत झाली ती त्यानंतर. सर्व्हरला लॉग असतो, म्हणजे आल्या-गेल्याची नोंदवही. समोरच्या सर्व्हरने मेल घेतला की तो '२५०' असं उत्तर देतो, आणि ते वेळेसकट इथे लिहिलं जातं. मार्केटिंगचे साहेब गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होते, "कोटेशन कालच टाकलंय, सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल." मालकांनी मला बघायला सांगितलं. काल त्या पत्त्यावर काहीच गेलं नव्हतं. साहेब तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. अमेरिकेतला सर्व्हर वर्षानुवर्षं सगळ्यांच्या शिव्या मुकाट खायचा, त्यामुळे कंपनीत केवढी शांतता होती!

मग एके दिवशी मालकांच्या केबिनमधून आवाज ऐकू आला. एका सप्लायरला ते सांगत होते, "तुमचं बिल मेलवर आलंच नाही हो." तिकडूनही कुणीतरी लॉग बघितला असावा, कारण मालक बराच वेळ नुसतं "हो... हो..." करत राहिले. फोन ठेवून त्यांनी मला आत बोलावलं.

"हा लॉग किती दिवस राहतो रे?"

"चार आठवडे, साहेब."

"एवढा कशाला?"