‘रिकामटेकडे’ या शब्दाबद्दल

नमस्कार. पिठ्या ढेकूण या झाडांचा रस शोषणाऱ्या किडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "भिंग घेऊन कीड न्याहाळत बसणं हे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत. कीड दिसली की फवारायचं." शिवाय आणखी तीन मुद्दे. त्यातला एक लगेच मान्य करतो: लाल कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘रिकामटेकडे’ हा शब्द लागला. मत पटलं नाही तर तसं लिहा, माझ्या वेळेचा हिशोब तुम्ही कशाला मांडता?

बारा वर्षांपूर्वी मीही दिसलं की फवारणाऱ्यांतलाच होतो. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसले आणि त्याच संध्याकाळी मी पंप भरला. त्यात काही जरा मोठे, लांब पांढऱ्या धाग्यांचे आणि चांगलेच चपळ होते. हे मोठे झालेले ढेकूण, असं समजून त्यांच्यावर जास्तच मारा केला. त्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या जातीतल्या भुंग्याच्या) अळ्या होत्या. त्या पिठ्या ढेकूण खाऊन जगतात, आणि अंगावर तसाच मेणचट कापूस वागवतात. उघड्यावरचं सगळं मेलं. बेचक्यात, मेणाच्या पिशवीत दडलेली ढेकणाची अंडी तेवढी वाचली. त्यांतून पिल्लं निघाली तेव्हा त्यांना खाणारं झाडावर कोणीच उरलं नव्हतं. पुन्हा फवारलं, पुन्हा आले. शेवटी झाड उपटावं लागलं. आईने लावलेलं होतं ते.

हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९१ मध्ये कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी तो याच कामासाठी कॅलिफोर्नियात नेला. ज्या किड्यासाठी माणसांनी समुद्र ओलांडला, तो माझ्या झाडावर आपणहून आला होता आणि मी तो ओळखला नाही.

ओळखायला लागतात दोन मिनिटं. पुंजक्याला काडीने हलकेच डिवचा. ढेकूण सोंड खुपसून रस शोषत बसलेला असतो, हललाच तर रेंगाळत. अळी लगबगीने पळते. लेखात मी एवढंच करायला सांगितलं होतं. फवारूच नका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा, कारण ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात, हेही तिथेच आहे.

निंबोळी तेल आणि ‘शेतात हे चालत नाही’ या मुद्द्यांवर वेगळं काय बोलणार? आर्थिक नुकसानीच्या पातळीवर, म्हणजे कीड किती वाढली की फवारणीचा खर्च परवडतो यावर, लेखात अख्खा परिच्छेद आहे. तो वाचला असतात तर निम्मी प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

तुमच्याही झाडावर सध्या असे पुंजके आहेत, असं तुम्हीच म्हटलंय. अजून फवारलं नसेल तर शेंड्याचा जवळून काढलेला फोटो पाठवा. बघून सांगतो.