देवळाची पाठ बघा

नाशिकला येणाऱ्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी मिसळ, मग रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, दुपारी त्र्यंबकची रांग, संध्याकाळी गाडी परतीच्या रस्त्याला. त्या दिवसभरात उघड्यावरचं शिल्प म्हणून जे काही वाटेत येतं, ते बहुतेकांच्या पाठीमागे राहून जातं. अगदी शब्दशः पाठीमागे. आपण रांग लावतो देवळाच्या तोंडाशी, आणि कोरीवकाम असतं बाजूच्या नि मागच्या भिंतींवर. प्रदक्षिणा पाच मिनिटांत उरकायची, तीही खाली मान घालून, चटके बसू नयेत म्हणून.

उघड्यावरच्या शिल्पाला बहुधा तिकीट नसतं, पहारेकरी नसतो, माहितीचा फलकही असेलच असं नाही. त्याची अट एकच, कोणत्या बाजूला किती वाजता उभं राहायचं ते माहीत हवं. ते चुकलं तर बाराव्या शतकातली भिंत काळ्या ढिगाऱ्यासारखी दिसते आणि माणूस "छान आहे, पण झिजलंय सगळं" म्हणून निघून जातो. अर्ध्या वेळा ते झिजलेलं नसतं. ऊन चुकलेलं असतं.

आपला दगड बेसॉल्ट. काळा, कठीण, उजेड पिऊन टाकणारा. संगमरवरात किंवा वालुकाश्मात सावलीतही आकार कळतो, बेसॉल्टमध्ये तो कळतो फक्त कडेने येणाऱ्या उन्हात. समोरून ऊन आलं की सगळं सपाट. म्हणून सिन्नरचं गोंदेश्वर बघायचं तर आधी घड्याळ आणि महिना बघा.

नाशिकपासून पुणे रस्त्याने साधारण 30 किलोमीटर. यादवकाळातलं, भूमिज शैलीतलं पंचायतन: मधे महादेव, चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, समोर नंदीमंडप. मुख्य देऊळ पूर्वाभिमुख. त्यामुळे हिशोब सोपा होतो. दक्षिणेची भिंत हिवाळ्याची. डिसेंबरात सूर्य दुपारी बाराला दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंशांवर असतो, त्यामुळे ऊन दिवसभर तिच्यावर राहतं, पण बघण्यासारखी ती सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, ऊन भिंतीवरून घसरत जातं तेव्हा. मागची, म्हणजे पश्चिमेची भिंत जेवणानंतर. तीनपर्यंत तिकडे गेलात तरी घाई नाही.

खरी अडचण उत्तरेची. ऑक्टोबर ते मार्च तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. नाशिक 20 अक्षांशावर आहे, म्हणून साधारण 20 मे ते 23 जुलै सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. पण दुपारी तो इतका डोक्यावर असतो की छज्ज्याची सावली मूर्तींवर पडते. तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे अखेरीस, सकाळी सात-साडेसात. वर्षातले जेमतेम पंधरा-वीस दिवस. आणि नेमकी हीच भिंत भाविकांकडूनही सुटते, कारण पूर्वाभिमुख शिवमंदिराची प्रणाल, अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ, उत्तरेला असते आणि सोमसूत्री प्रदक्षिणेत ती ओलांडायची नसते. लोक तिथूनच मागे फिरतात. (अनोळखी देवळात दिशा कळत नसतील तर आधी ही प्रणाल शोधा, बहुतेक ठिकाणी ती होकायंत्राचं काम करते.)

भिंत खालून वर वाचायची. खाली जोत्याचे थर, मधे मूर्ती असतात ती जंघा, त्यावर छज्जा, मग शिखर. भूमिज शिखर ओळखायला सोपं: प्रत्येक बाजूच्या मधोमध वरपर्यंत जाणारा नक्षीचा पट्टा, त्याला लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या आडव्या-उभ्या ओळी. त्या ओळी मोजा. मोजायला लागलं की डोळा आपोआप थांबतो, नुसतं "किती सुंदर" म्हणून तो थांबत नाही. वरच्या थरांसाठी 8 पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. पक्षी बघणाऱ्या मित्राकडे असतेच, मागून घ्या.

दगडात बारीक भोकं दिसतील. गाईड सांगतात ती गोळ्यांची खूण वगैरे नसते. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. त्यांतल्या काहींत पुढे पांढरे स्फटिक भरले, त्याच गारगोट्या. सिन्नरच्या एमआयडीसीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, देऊळ बघून तिकडे गेलं की भिंतीतले पांढरे ठिपके वेगळेच दिसायला लागतात. अजून एक बघा: मूर्तीच्या अंगावरून दोन दगडांच्या सांध्याची रेघ सरळ आरपार जात असेल, तर बहुधा आधी भिंत रचली आणि मग कोरलं. एका दगडात मूर्ती पुरी मावली असेल तर ती खाली बसून कोरून मग वर चढवलेली असू शकते. पाथरवटाची छिन्नी कुठे थांबली हेही दिसतं. काही ठिकाणी चेहरा पुरा आणि पाय ठोकळेच. अपुरं काम हे माझ्या मते पुऱ्या कामापेक्षा जास्त शिकवतं.

फोनने फोटो काढताना एक चूक हमखास होते. फोनला काळा दगड म्हणजे अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो, आणि भिंत करडी, आभाळ पांढरं फटक. दगडावर बोट ठेवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. मंडपातल्या खांबांसाठी फ्लॅश नको, टॉर्च घ्या आणि ती खांबाच्या बाजूने धरा.

त्र्यंबक रस्त्यावर, साधारण 20 किलोमीटरवर अंजनेरीच्या पायथ्याशी पडक्या देवळांचा एक समूह आहे, हिंदू आणि जैन दोन्ही. गडावर जाणारी पोरं त्यांच्या शेजारी गाड्या लावतात आणि सरळ वर चढतात. तिथल्या एका जैन मंदिरातल्या लेखात शके 1063 मध्ये, म्हणजे इ.स. 1141-42 च्या सुमारास, यादव राजाने चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला दुकानं दान दिल्याची नोंद आहे. दुकानं! म्हणजे आज जिथे झुडपं आहेत तिथे बाजारपेठ होती. हे माहीत असलं की तिथले पडलेले दगड नुसते दगड राहत नाहीत.

पेशवाईतली देवळं वेगळ्या नजरेने बघावी लागतात. काळारामाच्या भिंतीवर मूर्तींची गर्दी शोधाल तर निराश व्हाल. तिथे खेळ आहे दगडाच्या वस्तुमानाचा, शिखराच्या चढत्या पायऱ्यांचा. 1747 चं नारोशंकराचं देऊळ त्यामानाने बोलकं, त्याच्या बाहेरच्या अंगावर साधू, माकडं, मोर भेटतात. लोक मात्र घंटा बघून परततात. घंटा बघाच, वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर 1721 साल आहे. पण मग मान आणखी वर करा.

आणि त्याच देवळाजवळच्या घाटावर माझ्या लेखी नाशिकमधलं सगळ्यात महत्त्वाचं सार्वजनिक शिल्प उभं आहे: दुतोंड्या मारुती. कलाकृती म्हणून कोणी त्याचं नाव घेत नाही. शेंदरी रंगाचा, उंच, दोन्हीकडे तोंड असलेला, थेट गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्रालगत. पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं शहर विचारतं, "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. पाणी किती क्युसेक ते पाटबंधारे खातं सांगतं, पण सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही हे मारुतीकडे बघून ठरवतो. कोणत्या शहरात एखादा पुतळा इतक्या कामाचा आहे, सांगा. चौकातला पुतळा वर्षातून एकदा हाराला आठवतो. हा दर पावसाळ्यात लागतो. घाटावर गेलात तर नदीचं पाणी कमी असताना त्याच्या पायाशी उभे राहा आणि मग मागे वळून सराफ बाजाराच्या चढाकडे बघा. 2008, 2016, 2019 ची छायाचित्रं बातम्यांत बघितली असतील, पण पाणी नेमकं किती चढलं होतं हे त्या जागी उभं राहिल्याशिवाय अंगाला कळत नाही.

गावोगावचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, हा असाच दुर्लक्षित प्रकार. कुठे शोधायचे? गावच्या जुन्या वेशीपाशी, मारुतीच्या देवळामागे, पाराच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत. तीन-चार फुटी उभा दगड, त्यावर चौकटी. तोही खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाईगुरं (म्हणजे गुरं वाचवताना गेला), मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर कलश, चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एकच हात दिसला तर तो सतीचा दगड. अडचण एकच, पुष्कळ वीरगळांवर शेंदराचे इतके थर चढलेत की आत काय आहे ते कळत नाही. खरवडून बघायचा मोह आवरा. शेंदूर लावणाऱ्यांचा तो देव आहे, आणि नखाने, किल्लीने काढलेला शेंदूर सोबत दगडाची पापुद्रीही आणतो.

पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बाजूला गेलात तर वाघदेव भेटेल. गावाच्या शिवेवर, जंगलाच्या कडेला उभा केलेला लाकडी किंवा दगडी खांब, त्यावर वाघ, चंद्रसूर्य, नाग. कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा हा देव, वाघबारशीला त्याची पूजा होते. लाकूड ऊनपावसात कुजतं, मग नवा खांब. त्यामुळे तो शंभर वर्षांचा नसला तरी परंपरा जुनी आणि हात जिवंत. तिथे चपला काढा, फोटोआधी गावात विचारा, आणि त्याला "वारली पेंटिंग" म्हणू नका.

पांडवलेण्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे लोक जातातच. 3 क्रमांकाच्या लेण्यात आत शिरायच्या आधी बाहेरच थांबा. ओसरीचा भार खांद्यांवर घेतलेले, अर्धे जमिनीत असल्यासारखे यक्ष बघा, दगडी इमारतीने लाकडी इमारतीची नक्कल कशी केली ते तुळयांच्या टोकांवर कळतं. दाराची चौकट सांचीच्या तोरणाची आठवण करून देते. मग सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा कोरीव लेख.

आता नवे पुतळे. मांगीतुंगीच्या डोंगरात एका अखंड दगडात कोरलेली ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती 2016 मध्ये पूर्ण झाली, आणि आकाराच्या दृष्टीने तिच्यासमोर बोलायला जागाच नाही. तरी बघण्याचा नियम तोच: उंचीच्या किमान दुप्पट अंतरावरून. अगदी पायाशी उभं राहून वर बघितलं की डोकं लहान, पाय अवाढव्य. उंच चौथऱ्यावरच्या पुतळ्याचं डोकं म्हणूनच शिल्पकार मुद्दाम थोडं मोठं घडवतो. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून तो बेढब वाटला तर शिल्पकाराला नावं ठेवू नका.

मुंबई नाक्यावरच्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुतळ्यांसारखा मोठा धातूचा पुतळा एकसंध ओतत नाहीत. आधी मातीचं मॉडेल, त्याला कला संचालनालयाची मान्यता, मग साचा, मेणाचं कवच, त्यावर उष्णता सोसणाऱ्या मालाचं आवरण, मेण वितळवून काढलं की तिथे वितळलेला धातू. असे तुकडे वेल्डिंगने जोडतात, सांधे घासतात, रसायनाने रंग देतात. आत पोलादी सांगाडा. बिघाड होतो तो बहुधा याच सांगाड्यापाशी, कारण पोलाद आणि ब्राँझ एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की पोलाद झपाट्याने गंजतं. मालवणचा 35 फुटी पुतळा डिसेंबर 2023 मध्ये उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, तेव्हा सगळीकडे याच गंजाची चर्चा होती. नाशिकला खारं वारं नाही, पण पाऊस आहे.

तेव्हा कोणत्याही पुतळ्याजवळ गेलात की पाय आणि चौथऱ्याचा सांधा बघा. हिरवट ओघळ असेल तर काळजी नाही, तो तांब्याचा नेहमीचा थर. तांबूस-विटकरी ओघळ दिसला तर आतलं लोखंड गंजतंय, महापालिकेला कळवण्यासारखी गोष्ट आहे. आत साचलेलं पाणी निघून जायला तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. रंगकाम करणारे ती हमखास बुजवतात. सोनेरी ऑइलपेंट मारलेला पुतळा असेल तर आत धातू आहे की फायबर, हे नुसतं बघून कळणं कठीण. रंग पिठासारखा हाताला लागत असेल आणि वाजवल्यावर बद्द आवाज येत असेल तर फायबर समजा. फक्त चौथऱ्यावर चढून वाजवू नका.

2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, घाटांवर काम चालू आहे आणि पुढेही चालेल. सुशोभीकरण म्हटलं की तीन गोष्टी हटकून होतात. जुन्या दगडावर वाळूचा फवारा मारून तो "स्वच्छ" करणं. त्याने मळासोबत दगडाची टणक झालेली वरची कातडीही जाते आणि पुढच्या पावसात झीज वाढते. दुसरं, चुन्याच्या दरजांत सिमेंट भरणं. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही, मग आतलं पाणी दगडातूनच वाट काढतं, क्षार बाहेर येतात आणि कडा फुटतात. तिसरं, ऑइलपेंट. तो लावणं एका दिवसाचं काम, काढणं वर्षाचं, आणि निघेल तेव्हा कोरीवकामाच्या बारीक रेघा घेऊन निघेल.

घाटावर हे होताना दिसलं तर वाद घालण्याआधी फोटो काढा, ज्यात भिंतीचा काम झालेला आणि न झालेला भाग शेजारी-शेजारी दिसेल. तारीख, वेळ आणि देवळाची नेमकी बाजू लिहा, "उत्तरेची भिंत, प्रणालीच्या डावीकडे" अशी. देऊळ केंद्रीय पुरातत्त्वच्या ताब्यात की राज्याच्या हे बाहेरच्या निळ्या फलकावर असतं, अर्ज तिकडे. फलकच नसेल तर महापालिका आणि जिल्हाधिकारी, दोन्हीकडे एकाच दिवशी, पोच घेऊन.