‘सार्क’चा वर्धापनदिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

८ डिसेंबरला ‘सार्क’च्या (दक्षिण आशियाई देशांच्या प्रादेशिक सहकार्य संघटनेच्या) वर्धापनदिनानिमित्त मी लिहिलेला लेख म्हणजे पाकिस्तानने मारलेल्या संघटनेला वाहिलेली पुष्पांजली असून, ‘बिमस्टेक’ (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची सहकार्य संघटना) असताना तिची आठवण काढण्याचे प्रयोजनच उरत नाही, असा आपला आक्षेप आहे. नोव्हेंबर २०१४ मधील काठमांडूनंतर एकही शिखर परिषद झालेली नाही, त्यामुळे आपला वैताग मला समजतो. निदान मात्र अपुरे वाटते.

१९८५ साली ढाक्यात सात राष्ट्रांनी स्वीकारलेल्या सनदेच्या दहाव्या कलमातच निर्णय एकमताने व्हावेत आणि द्विपक्षीय वा वादग्रस्त प्रश्न चर्चेला येऊ नयेत, असे नमूद आहे. एकाच्या नकाराने सगळे अडावे ही सोय पहिल्या दिवसापासूनची आहे आणि ती भारतालाही हवी होती. कारण लहान शेजारी एकवटून आपल्याला कोंडीत पकडतील अशी शंका दिल्लीला होती, तर हे व्यासपीठ भारताच्या वर्चस्वाचे साधन ठरेल अशी भीती इस्लामाबादला. ही अट नसती, तर या संघटनेची, बांगलादेशचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी मांडलेली कल्पना कागदावरच राहिली असती, असे मला वाटते. २०१४ साली पाकिस्तानने सदस्य देशांमधील मोटार वाहतूक करार रोखला तो याच एकमताच्या अटीमुळे. आणि २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर भारताने शिखर परिषदेसाठी इस्लामाबादला जाण्याचे नाकारले (माझ्या मते योग्यच केले), तेव्हा बांगलादेश, भूतान व अफगाणिस्तान यांनीही माघार घेतली आणि परिषद बारगळली.

राहिला ‘बिमस्टेक’. त्यात पाकिस्तान नाही हे खरे, पण मालदीव आणि अफगाणिस्तानही नाहीत. मालदीवची परकीय गंगाजळी आटत चालली असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची (स्वतःचे चलन ठेवून तात्पुरते परकीय चलन घेण्याची) सोय दिली, ती ‘सार्क’ देशांसाठी आखलेल्या चौकटीतच. जानेवारी २०२२ मध्ये श्रीलंकेला ४० कोटी डॉलर मिळाले तेही त्याच व्यवस्थेतून. ही सोय रिझर्व्ह बँकेची आहे, तिला इतर सदस्य देशांच्या एकमताची गरज पडत नाही, आणि म्हणूनच ती चालते.

शिखर परिषद पुन्हा भरवा, असा माझा आग्रह लेखातही नव्हता. चलनाची ही व्यवस्था किंवा ‘सार्क’ने स्थापलेले दिल्लीतील दक्षिण आशियाई विद्यापीठ यांसारखी कामे परिषदेची वाट न पाहता पुढे न्यावीत, एवढेच म्हणणे होते, आणि ‘बिमस्टेक’ बळकट झाल्यानेही त्याला बाध येत नाही.