हेल हा वाचादोष नव्हे

‘कोकणी हेल हा वाचादोष आहे, तो वेळीच काढला नाही तर मुलांना संस्कृत जमत नाही आणि गाण्यात सूर लागत नाही’, असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो मालवणात माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने सात वर्षांच्या भाचीला वाक्यावाक्याला अडवायला सुरुवात केली. परवा आजीशी बोलताना ती मुलगी वाक्य अर्धवट सोडून आईच्या तोंडाकडे पाहू लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत निराधार मुद्दा संस्कृतचा आहे. शुद्ध संस्कृत सपाट आवाजात बोलले जाते, असे संदेश सांगतो. वास्तविक वैदिक संस्कृतात स्वराच्या चढउताराने अर्थच पालटतो. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दात उदात्त, म्हणजे चढा स्वर, शेवटी असेल तर ‘इंद्राला मारणारा’ आणि आरंभी असेल तर ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’, हे उदाहरण पतंजलींच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथातले आहे. पाणिनींनी तर अष्टाध्यायी या आपल्या व्याकरणग्रंथात साध्या हाकेचाही नियम सांगितला आहे. ‘दूराद्धूते च’ (८.२.८४) या सूत्रानुसार दुरून हाक मारताना वाक्याच्या अखेरचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, आणि उदात्त होतो. तिन्हीसांजेला खाडीकाठावरून ‘रे झिलाऽऽ’ अशी हाक येते, तेव्हा अखेरचा ‘आ’ असाच लांबतो आणि चढतो. अष्टाध्यायीत जो नियम आहे, तो आमच्या मुलांच्या तोंडी आला की दोष कसा ठरतो?

तोतरेपणासाठी वाचोपचार जरूर घ्यावेत; हेल मात्र अर्थ वाहून नेतो. ‘इलंस’ (आलास) हा एकच शब्द आवाज चढवून म्हटला की प्रश्न होतो, उतरवून म्हटला की स्वागत होते आणि लांबवला की उशिराबद्दलची तक्रार होते.

सूर न लागण्याचे म्हणणे फार वेळ देण्याजोगे नाही. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर याच किनारपट्टीवरच्या, गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेतून अवकाशात गेली.

बातम्या वाचताना किंवा प्रमाण मराठीतल्या वक्तृत्वस्पर्धेत घरचा हेल बाजूला ठेवता यावा लागतो, इतके मात्र मान्य करावे लागेल. परंतु त्यासाठी दुसरी लकब शिकावी लागते, पहिली पुसावी लागत नाही. बहिणीला मी सांगितले आहे की प्रमाण मराठीचे वाचन तिने रोज घ्यावे, पण आजीशी बोलताना मुलीला मध्येच थांबवू नये.