ऊस ओढायचा म्हणून हाऊसिंगला १४० नंबर?

गाळप तोंडावर आलं की दरवर्षी एक निरोप फोनवर फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या हाऊसिंगला १४० नंबरचं तेल टाका. तेल जितकं जाड तितका क्राऊन-पिनियन टिकतो. डब्यावर जीएल-५ बघून घ्या, तोच सगळ्यात भारी. पट्टीच्या खुणेपेक्षा दोन लिटर जादा भरा. काळं पडेपर्यंत बदलू नका." (हाऊसिंग म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूची गिअरची पेटी, क्राऊन-पिनियन म्हणजे तिच्यातली चाकांकडे जोर वळवणारी दातेरी जोडी, आणि जीएल-५ हा डब्यावर छापलेला गिअर तेलाचा वर्ग.) यंदा हा निरोप आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला आणि चुलतभावाने दिवस मावळायच्या आत वीस लिटरचा ड्रम आणून गोठ्यात ठेवलासुद्धा. ड्रमचं सील अजून फुटलेलं नाही, म्हणून घाईने लिहितोय.

आधी आकड्याचं. इंजिनात ४० नंबर पडतं, म्हणजे ९० दुपटीहून जाड आणि १४० साडेतीनपट, असा हिशेब पुष्कळांच्या डोक्यात असतो. पण इंजिन तेलाची मापपट्टी वेगळी, गिअर तेलाची वेगळी. १०० अंश तापमानाला ९० नंबरचं गिअर तेल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) भरतं, तर ४० नंबरचं इंजिन तेल १२.५ ते १६.३. म्हणजे दोघं जवळपास सख्खे भाऊ. १४० मात्र २४ पासून पुढे सुरू होतं, ते खरोखर जाड.

मग जाड तेलाने गिअर वाचत नाहीत का? वाचतात, पण जिथे ते सांगितलंय तिथे. ट्रकच्या मागच्या एक्सलला ८५डब्ल्यू-१४० (१४० नंबरचाच एक प्रकार) वर्षानुवर्षं चालत आलंय. अमेरिकेतल्या काही पिकअपच्या पुस्तिकांतही ओढकामासाठी १४० लिहिलेलं असतं. निरोपाचं मूळ तिथलंच असावं. पण ट्रकच्या एक्सलमधल्या तेलाला संसार छोटा: क्राऊन-पिनियन, बेअरिंगं, संपलं. आताच्या बहुतेक ट्रॅक्टरांत एकच तेल गिअरबॉक्समध्ये, डिफरन्शियलमध्ये आणि हायड्रॉलिकच्या पंपात फिरतं, शिवाय ब्रेकच्या चकत्या त्याच तेलात बुडालेल्या असतात. एका घरात चार सुना, सगळ्यांचं ऐकायचं.

डिसेंबरातली पहाट आठवा. अशा ट्रॅक्टरला लागणारं यूटीटीओ, दुकानात ज्याला 'वेट ब्रेक ऑइल' म्हणतात, ते ४० अंशाला साधारण ६० सेंटिस्टोक असतं. ८५डब्ल्यू-१४० त्याच तापमानाला तीनशेच्या वर. पहाटे दहा अंशाच्या थंडीत त्याची काकवी झालेली असते. पंपाला ती गाळणीतून ओढवत नाही. ट्रॅक्टर चालू केला की मागून कण्हल्यासारखा आवाज येतो, लिव्हर वर घेतली तरी लिफ्टचे हात जागचे हलत नाहीत, आणि दहा मिनिटांनी हलले तर धक्के देत हलतात. मग मिस्त्री पंप खोलून बसतो.

ब्रेकचं त्याहून वाईट. तेलातल्या ब्रेकच्या चकत्यांना घासताना पकड हवी आणि थरथर नको, त्यासाठी यूटीटीओमध्ये वेगळी रसायनं घातलेली असतात. साध्या गिअर तेलात ती नसतात. ब्रेक किंचाळतो, कचका देतो, चकत्यांचं अस्तर गुळगुळीत होतं. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि कारखान्याच्या रस्त्याला उतार. हा प्रयोग तिथे करायचा?

'जीएल-५ सगळ्यात भारी' हे तर शाळेतल्या इयत्तेसारखं वाचणं झालं. पाचवी चौथीच्या वर, तसं हे नाही. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी आहे, ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर फार घसरतात आणि गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त लागतात. ट्रॅक्टरचा क्राऊन-पिनियन सहसा तसा नसतो. त्यात वेग कमी करण्याचं मोठं काम त्याच्यानंतर, चाकाजवळच्या शेवटच्या गिअरांत म्हणजे फायनल ड्राइव्हमध्ये होतं. हळू वेगात जड ओढताना दातांना वाचवण्यात जाडीइतकाच या रसायनांचा वाटा असतो हे खरं, पण चांगल्या यूटीटीओमध्ये जीएल-४ च्या तोडीची रसायनं असतातच. उलट जुन्या धाटणीच्या जीएल-५ मधलं गंधक पितळ-काशाच्या भागांना खातं, आणि ते भाग त्याच हाऊसिंगमध्ये असतात.

दोन लिटर जादा भरण्यालाही एक खरं मूळ आहे. हायड्रॉलिक ट्रॉली उचलताना तेल जॅकमध्ये जातं आणि हाऊसिंगमधली पातळी खाली येते, म्हणून काही पुस्तिका तेवढ्यापुरतं वाढीव तेल सांगतात. उसाची ट्रॉली दोर-साखळीने खाली होत असेल तर ते तेल जाणार कुठे? गिअर ते घुसळत राहतात, फेस होतो, तापतं, ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) नाहीतर एक्सलच्या सीलमधून बाहेर येतं. ट्रॅक्टर कोरड्या ब्रेकचा असेल तर थेट ब्रेकवर.

काळं पडण्याची वाट बघणं म्हणजे इंजिनाचा नियम हाऊसिंगला लावणं. इंजिनात काजळी येते, हाऊसिंगमध्ये येणार कुठून? तिथे बघायचं ते पाणी. चिखलणीत चाललेल्या ट्रॅक्टरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर तेल बदलायचे ठरलेले तास भरले नसले तरी बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकाला काजळासारखा लगदा असेल तर चालतं, टिकलीएवढे तुकडे निघाले तर मिस्त्रीला बोलवा.

चुलतभावाच्या ट्रॅक्टरला तेलातले ब्रेक आहेत, तेव्हा ड्रम उद्या दुकानात परत जाईल. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला कोरडे ब्रेक आणि पुस्तिकेत ९०, त्यात ९०च पडतं. पण दोघांच्यात मिळून एकच हायड्रॉलिक ट्रॉली आहे, शेणखताला आळीपाळीने जुंपतो, आणि तिच्या जॅकमधलं तेल प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हाऊसिंगमध्ये उतरतं. दोन वर्षं ही भेसळ चाललीय हे मला हे लिहिताना उमगलं. जॅक उद्याच रिकामा करतो.